पान उलटणारा नवरा

पान उलटण्याचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. बायको पन्नाशीत पियानो शिकायला लागली आणि शिकवणाऱ्या बाईंनी वार्षिक कार्यक्रमात तिचं नाव घातलं. दोन्ही हात पट्ट्यांवर गुंतल्यावर समोरच्या कागदाचं पान कोण उलटणार? "मी आहे ना," मी म्हणालो. (आयुष्य फायलींची पानं उलटण्यात गेलं. आतलं वाचायची सवय नाही, पण उलटण्यात माझा हात धरणारं ऑफिसात कोणी नाही.)

तिला काळजी वेगळीच होती. "परवा बाईंसमोर मी मधेच थांबले. तशी लोकांसमोर थांबले, तर पुन्हा पियानोला हात लावणार नाही," ती म्हणाली. ती बोलते तसं करते, त्यामुळे धास्ती मलाच बसली.

मग मी कागदावरच्या खुणा शिकायला बसलो.

"'पी' म्हणजे हळू, 'एफ' म्हणजे जोरात."

"आणि ही उघडत जाणाऱ्या चिमट्यासारखी खूण?"

"आवाज हळूहळू वाढवत न्यायचा."

ही पाठ करावी लागली नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला की आमच्याकडे ती अशीच वाजते.

"आणि पानाच्या शेवटी ही दोन टिंबं?"

"तिथून मागे जाऊन तेच पुन्हा वाजवायचं. म्हणजे पहिलं पान मी दोनदा वाजवीन. मग मान हलवीन. मान हलवली की उलटा. काय समजलं?"

"मान हलवली की उलटायचं."

"मान कोण हलवणार?"

"तू." मला तिचा अविश्वास जरा लागलाच.

कार्यक्रमाला मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याशेजारी बसलो. घरी ती तुकड्यातुकड्यानं वाजवायची, अडली की थांबायची. सलग मी कधी ऐकलंच नव्हतं. तिनं पहिलं पान वाजवलं, टिंबांवरून मागे गेली, पुन्हा वाजवलं. हळू तिथे इतकं हळू, की मागच्या रांगेतले खोकणारे गृहस्थसुद्धा गप्प झाले. माझा चष्मा ओला झाला. एवढी वर्षं मी कोणाशेजारी राहतोय, याचा मला पत्ताच नव्हता.

तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. खरंच फार छान चाललं होतं.

ती तिसऱ्यांदा तेच पान वाजवू लागली. बहुधा माझ्याखातर, असं मला वाटलं. शेवटी तिनं परत मान हलवली, जरा जोरात. मीही जोरात हलवली. चौथ्या वेळी 'एफ'च्या जागी पियानो हादरला आणि पुढच्या 'पी'च्या जागी अगदी हळू ऐकू आलं, "अहो, पान."

मी पान उलटलं. उरलेलं तिनं कुठेही न अडखळता पुरं केलं. टाळ्या थांबेनात. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, की पहिलं पान आता सगळ्या सभागृहाचं पाठ झालं असेल.

घरी जाताना "चुकलो," मी म्हणालो.

ती हसायला लागली. "अहो, मला एक कळलं. शेजारी नवरा रडत बसला तरी मी थांबत नाही." आणि भर रस्त्यात तिनं माझा हात धरला. मला एकदम फार बरं वाटलं.

"पुढच्या वेळी नीट उलटीन," मी म्हणालो.

"नका काळजी करू," ती म्हणाली. "पुढचं मी एकाच पानाचं निवडलंय."