जावांचं भांडण: मूळ प्रत आणि दोन छायाप्रती

पाहुणा परत जाणार आहे याची लेखी खात्री पटल्याशिवाय त्याला दार उघडू नये, हे सुधारलेल्या राज्याचं पहिलं लक्षण होय. आपण सामान्य माणसं आधी दार उघडतो, चहा टाकतो आणि मग तो कधी जाणार याची आडून आडून चौकशी करतो. (याच ढिलाईपायी माझा मेहुणा चार दिवसांसाठी येऊन अकरा महिने राहिला.) व्हिसाच्या कचेरीत असला उलटा कारभार चालत नाही. तिथे आधी जाण्याचं ठरतं, मग येण्याचं.

आमच्या वहिनींना हे शास्त्र ठाऊक नव्हतं. दादा गेल्यापासून त्या घराच्या पुढच्या भागात एकट्या राहतात; मागच्या भागात मी आणि आमची ही. वहिनींची एकुलती एक लेक परदेशी. पहिलटकरीण, डॉक्टरांनी पाठ टेकून पडायला सांगितलेलं, जावई दिवसभर कामावर. बाळंतपणाला नऊ आठवडे उरले होते. वहिनींनी अर्ज केला आणि 'भेटीचं कारण' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'माझा सगळा जीव लेकीत अडकला आहे.'

मान्यताप्राप्त भाषांतरकाराने याचं शब्दशः भाषांतर केलं. कचेरीचं उत्तरही तितकंच तर्कशुद्ध आलं: अर्जदाराचा जीव आमच्या देशात आधीच येऊन अडकलेला आहे. मागून देहही आला, तर दोन्ही मिळून परत जातील असं मानायला आधार नाही. अर्ज नामंजूर.

मग आम्ही वकील गाठला. हे वकील फक्त लोकांच्या देशोदेशी जाण्यायेण्याचंच काम पाहतात. जिन्याखालची खोली, तीन खुर्च्या (एकीवर पंखा), आणि फायलींचे दोन ढीग. एकावर चिठ्ठी 'परत येणारे', दुसऱ्यावर 'परत न येणारे'. कप ठेवायला दोन्ही सारखेच.

"बाई," वकील म्हणाले, "प्रेम हा पुरावा नसतो, प्रेम हा धोका असतो. तुमचा जीव इकडे कशात अडकलाय ते सांगा."

वहिनींनी घर सांगितलं. घराला कुलूप लागतं, म्हणाले. कुंड्या सांगितल्या. शेजारी पाणी घालतात, म्हणाले. अर्धवट राहिलेली कवळी त्यांनी टिपून घेतली, पण दात तिकडेही बसवून मिळतात, हे त्यांना नाकारता येईना. शेवटी चष्मा काढून त्यांनी विचारलं, "कोणाशी भांडण?"

त्यांचा बावीस वर्षांचा अभ्यास असा: भांडण अर्धवट टाकून परदेशी गेलेल्या एकशे तीन जणांपैकी एकशे एक मुदतीच्या आत परत आले. (उरलेल्या दोघांचं भांडण तिकडच्यांशीच होतं.) नातवंडांचं सुख माणूस सहा महिन्यांनी पुरे म्हणतो, शेवटचा शब्द समोरच्याचा राहिला, हे मात्र त्याला सहा दिवसही सोसत नाही.

"भांडण कुठलं हो?" वहिनी ओशाळल्या. "आम्ही दोघी जावा चौतीस वर्षं एका दोरीवर कपडे वाळत घालतोय. शब्दाला शब्द नाही."

"अरेरे!" वकील म्हणाले. इतक्या कळवळ्याने 'अरेरे' म्हणताना मी डॉक्टरांनाही ऐकलेलं नाही.

त्यांनी नमुना अर्ज दिला. वादाचा विषय, उगम, सद्यस्थिती, दोन्ही पक्षांच्या सह्या. मूळ प्रत आणि दोन छायाप्रती. संध्याकाळी दोघी जावा चहा घेऊन बसल्या. विषय एकमताने ठरला: अंगणातली दोरी.

"लिहा ताई," आमची ही म्हणाली, "मी तुमच्या चादरी बाजूला सरकवते."

"अगं, पण तू सरकवतेसच की!"

"सरकवणारच. उन्हाची बाजू सगळी तुम्हीच धरून बसता."

पहिलं पान हसण्यात गेलं. दुसऱ्या पानावर सतरा वर्षांपूर्वी उसनी गेलेली कुकरची शिट्टी निघाली. तिसऱ्यावर सासूबाईंचं आजारपण आलं.

"चौदा महिने मी त्यांच्या उशाशी होते. तू दोनदा डोकावलीस, संत्री घेऊन."

"डोकावणार कशी? आतून कडी घालून बसायचात तुम्ही. जशा काही सासूबाई तुमच्या एकटीच्याच!"

इथे चहा गार झाला. पुढची वीस पानं मी लिहून घेतली, कारण दोन्ही पक्ष दोन वेगळ्या खोल्यांतून मजकूर सांगत होते.

"अस्सल माल आहे," वकील पानं चाळत म्हणाले. "हे बनवून येत नाही." नवव्या दिवशी सहा महिन्यांचा व्हिसा आला. वहिनी निघाल्या तेव्हा ही बाहेर आली नाही. खिडकीतून फक्त मला म्हणाली, "'त्यांना' सांगा, बॅगेचं एक चाक वाकडं आहे."

वहिनी वेळेवर पोचल्या. नात झाली, ती आधी आजीच्या हातात आली. पाचव्या महिन्यात लेकीचा निरोप आला: आईला आता कायमचंच ठेवून घ्यायचंय.

वकिलांनी फाईल एका ढिगावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली. कायम वास्तव्याला उलटा नियम लागतो: अर्जदाराचं मायदेशी आपलं असं कोणी उरलेलं नाही, हे सिद्ध करावं लागतं. पुरावा? तीच तेवीस पानं. तेव्हा त्यातून सिद्ध झालं होतं की बाई परत येणारच. आता सिद्ध होत होतं की त्यांनी यावं असं वाटणारं इथे कोणी नाही. (चांगला कागद दोन्ही बाजूंनी वापरता येतो.) फक्त विरुद्ध पक्षाची एक सही हवी होती: 'अर्जदाराशी माझा कोणताही संबंध उरलेला नाही.'

हिने ते वाक्य दोनदा वाचलं. "संबंध नाही? मग पाच महिने मी भांडतेय कोणाशी?"

"बाई, ही नुसती औपचारिकता आहे," वकील म्हणाले.

"तुमची असेल. मला त्या कडीचं उत्तर यायचंय अजून. इथे येऊन द्या म्हणावं, समोर बसून."

तिने सही केली नाही. दोरीची उन्हाची बाजू ती पाच महिने रिकामी ठेवते आहे. (मी एकदा तिथे टॉवेल टाकला, तर म्हणाली, "तो पुरावा आहे, हात लावू नका.")

फोनवर वहिनींना हे कळवलं. लेक मागे रडत होती. वहिनीही रडत होत्या, पण त्या रडण्यातच म्हणाल्या, "सही नाही म्हणते? थांबा, येतेच मी." तिकिटाची तारीख सांगताना आवाज ठणठणीत होता. नातीसाठी आता दरवर्षी नवा अर्ज करायचा, असं मायलेकींचं ठरलं आहे. भांडण मिटू देऊ नका, अशी वकिलांची मला ताकीद आहे.

तेव्हापासून वकील आलेल्या प्रत्येकाला पहिला रकाना हाच भरायला देतात: 'आपल्याशी मनापासून भांडणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि शेवटच्या भांडणाची तारीख.' इथवर गालात हसत वाचलंत, तर तुम्हीही तेवढा भरून टाका. ऑफिसातल्या कुरबुरी आणि मोबाइलवर अनोळखी लोकांशी घातलेले वाद धरायचे नाहीत. नाव सुचत नसेल तर वकिलाकडे खेटे घालण्याचं काहीच कारण नाही. तुम्ही जगाच्या पाठीवर कुठेही कायमचं राहायला आजच पात्र आहात; इकडून कोणाचीही हरकत येणार नाही.