दार ढकलून येते ती

उस्मानपुऱ्यातल्या भजनी मंडळात चातुर्मासाचे नेम ठरत होते. आवडाबाईंनी कारलं सोडलं, मुक्ताबाईंनी दुधीभोपळा. मंडळाच्या प्रमुख सरूबाई कडाडल्या, "कारल्याची तलफ येती का कुणाला? देवाला फसवता व्हय?"

"तलफ म्हंजे आवडच की," मुक्ताबाई म्हणाल्या.

"नाय बाई. आवड विचारून येती. तलफ दार ढकलून येती."

हे दीपमालाच्या मनाला पटलं. तिने चहा सोडला. यंदा पोथी वाचायचा मान पहिल्यांदाच तिला मिळाला होता. नेम मोडला की मानही गेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी सरूबाई दार ढकलून आत आल्या. "सहज आले गं," म्हणत त्यांनी मोरीतले कप हुंगले. "दोन कप? दुसरा कुणाचा?"

"मामंजींचा."

"असंल बाई."

मग त्या रोजच सहज येऊ लागल्या. घरात चहा प्यायची चोरी झाली. दीपमालाचा नवरा गोकुळ कप घेऊन न्हाणीघरात जाऊ लागला आणि सासरे बन्सीमामा गच्चीवर. एके दिवशी सरूबाईंना गल्लीतून गच्चीचा कठडा दिसला. कठड्यावर वाफाळता कप आणि शेजारी दीपमालाची वाळत घातलेली साडी. झालं! आरतीच्या आत देवळात बातमी पोचली.

"पोथी आवडाबाईंना द्या," सरूबाईंनी फर्मावलं.

दीपमाला हळूच म्हणाली, "काकू, तुमी काय सोडलंय?"

"वांगं."

"वांग्यानं तर तुमाला खाज सुटती," आवडाबाई पुटपुटल्या.

"मग काकू, दार ढकलून येणारं कायतरी सोडा की," दीपमाला म्हणाली. "चार महिने कुणाच्या घरात डोकावू नका."

सगळ्या बायका बघत होत्या. सरूबाईंनी पदर खोचला. "सोडलं! त्यात काय एवढं? मोडलं तर पोथी हिची."

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपमालाचं डोकं ठणकत होतं. गोकुळ मात्र बैठकीत बसून निर्धास्त फुरके मारत होता. बाहेर चपला वाजल्या. पुढे गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. शेवटी दार इंचभर सरकलं आणि फटीतून एक डोळा थेट कपावर टेकला.

"काकू?"

"मी नाय ढकललं बाई! वारा लई सुटलाय."

अंगणातल्या तुळशीचं पानही हलत नव्हतं.

"व्हय का?" दीपमालाने कपाळावरची सुंठ पुसली. "मग वाऱ्याला म्हणावं, उद्या येताना पोथी घेऊन ये."