एका बसचा मेळावा

आमचे शेजारी याकोबमामा सकाळी अंगणात दात घासता घासता मला कुंपणावरून विचारतात, "सर, हडर्सफील्डला आज पाऊस हाय का?"

मी मोबाईल काढतो आणि बघून सांगतो. तिथं बहुतेक पाऊस असतोच. मग मामा मान हलवतात, चूळ भरतात आणि म्हणतात, "म्हंजे आज गाड्या पावसातच धुवाव्या लागनार." आम्ही दोघं भिंगारमध्ये राहतो. इथल्या पावसाची चौकशी मामांनी माझ्याकडे कधी केलेली नाही. आमचे नळ आटले होते त्या उन्हाळ्यातसुद्धा त्यांना काळजी होती ती हडर्सफील्डशेजारच्या हॅलिफॅक्सच्या चिखलाची.

मामा आयुष्यभर कंडक्टर होते. नोकरी एसटीत नव्हती. सोनईच्या एका मालकाच्या तीन-चार खाजगी गाड्या होत्या, लग्नाची वऱ्हाडं आणि शाळेच्या सहली न्यायच्या, त्यातल्या एका गाडीवर ते होते. मालक वारले, मुलांनी धंदा बंद केला, मामा घरी बसले. पण अंगातला कंडक्टर काही घरी बसला नाही. चर्चमध्ये रविवारी ते दारापाशी उभे राहतात आणि आत येणाऱ्याला हलक्या आवाजात सांगतात, "मधी थांबू नका, पुढं जागा हाय." एकदा एका अंत्यविधीलाही त्यांनी हेच सांगितलं, तेव्हा मार्थामामींनी त्यांना कोपराने ढोसलं. मामी म्हणजे त्यांची बायको, शाळेतून निवृत्त झालेल्या. मामांचं बोलणं कुठं थांबवायचं हे फक्त त्यांना कळतं.

तर या माणसाच्या डोक्यात हडर्सफील्ड शिरलं कसं? त्यांची एकुलती एक मुलगी रूथ इंग्लंडात, तिथल्याच दवाखान्यात नर्स आहे. तिनं आईवडिलांना दोन महिन्यांसाठी नेलं होतं. लंडन दाखवायचं ठरलं होतं, पण पहिल्याच रविवारी तिनं त्यांना एका मोठ्या माळावर जुन्या बसगाड्यांच्या मेळाव्याला नेलं आणि मग मामांना लंडन बघायचं राहिलं नाही. माळभर जुन्या गाड्या उभ्या होत्या. पुढून पावासारख्या गोल, खिडक्यांना पडदे, आरशासारख्या पुसलेल्या. तिकडं म्हणे एकेका गावाची एकेक छोटी कंपनी असायची. आजोबांनी काढलेली, मुलानं वाढवलेली, नातवानं अजून चालवलेली. कापडगिरण्यांतल्या कामगारांना सुट्टीत समुद्रावर न्यायचं हा त्यांचा मोठा धंदा. मामांना हे सगळं ओळखीचं वाटलं. "आपलंच हाय सगळं," ते म्हणतात, "फक्त आपलं वऱ्हाड नवरीकडं जातं आन त्यांचं समुद्राकडं."

कंपन्यांची इंग्रजी नावं मामांना झेपली नाहीत, म्हणून त्यांनी गाड्यांच्या रंगावरून नावं ठेवली. डाळिंबी कंपनी, ताकवाले, हळद-कुंकू. ताकवाल्यांचे म्हातारे मालक तिथं दात घासायच्या ब्रशनं गाडीच्या दाराची पितळेची मूठ साफ करत होते. मामा त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि दुसरा ब्रश उचलला. त्या म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, मामांचं इंग्रजी तिकिटापुरतं. तरी दोघांनी मिळून अख्खी गाडी घासली. निघताना त्या म्हाताऱ्यानं आपली टोपी मामांच्या डोक्यावर ठेवली. ती टोपी मामा भिंगारच्या बाजारात मेथी आणायलाही घालून जातात.

तिकडून आल्यावर मामा प्रत्येक गोष्टीला "तिकडं असं नसतं" म्हणू लागले. रस्त्यावर खड्डा आला, तिकडं असं नसतं. चहा उकळला, तिकडं असं नसतं. दोन महिने ऐकून घेतल्यावर मामी एकदा पापड लाटता लाटता म्हणाल्या, "तिकडं पापड पण नसतात. देऊ का नको?" मामांनी पापड घेतला.

पण खरा उद्योग पुढंच होता. आपली जुनी गाडी राहुरीजवळ मालकांच्या शेतात उभी आहे आणि तिच्यात कांदा साठवतात, हे मामांना कुठून तरी कळलं. रूथनं पैसे पाठवले, मालकांच्या मुलांनीही फार ताणलं नाही, आणि एक दिवस ट्रॅक्टरच्या मागं बांधलेली बस आमच्या आळीत शिरली. चिंचेखाली उभी राहिली तेव्हा अंगण संपलं होतं. पुढचे कित्येक दिवस सगळ्या आळीला कांद्याचा वास येत होता. मामींनी बॉनेटवर कुरडया वाळत घातल्या. मामा म्हणाले, "मार्था, ही गाडी हाय." मामी म्हणाल्या, "दिसतंय मला. ऊन छान लागतं तिच्यावर."

मग मिस्त्री आले, वेल्डर आला, इंजीन उतरलं, चढलं, पुन्हा उतरलं. रंगारी तर दोन पळून गेले. गाडीचा मूळ रंग मोरपंखी होता. मामांनी दाराजवळ ब्लेडनं खरवडून एकाखाली एक थर काढले आणि तळाचा रुपयाएवढा तुकडा रंगाऱ्याला दाखवला. पहिल्याने रंग लावला. मामा लांब उभं राहून, टोपी मागं सारून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा मोरपंखी न्हाई. मोरपंखीचा साडू असंल." दुसऱ्याच्या रंगाला त्यांनी चुलतभाऊ म्हटलं. तिसरा रंगारी बहिरा होता, त्याचं जमलं.

एवढं होतंय तोवर मामांनी जाहीर केलं की भिंगारमध्ये जुन्या बसगाड्यांचा मेळावा होणार. मी विचारलं, किती गाड्या येतील? "सध्या एक," मामा म्हणाले. तिकडच्यासारखा काचेवर नंबर लावायचा म्हणून त्यांनी '१' रंगवून घेतला. बक्षिसाचे कप मात्र तीन आणले आणि मला परीक्षक नेमलं. आपली ओळख आहे म्हणून मार्क वाढवू नका, असंही बजावलं. मेळाव्याच्या सकाळी मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून पहिला नंबर दिला. मामांनी कप घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "दुसरा कोनाला?" मी म्हणालो, दुसरी गाडीच नाही. "मग तो पन हिलाच द्या. पन जरा इचार करून द्या."

मेळाव्याची तारीख त्यांनी एकाएकी अलीकडं ओढली होती. रंग पुरता वाळलाही नव्हता. गाडी रस्त्यावर काढायच्या परवानगीसाठी आरटीओच्या एजंटमागं धावून त्यांचे बूट झिजले. मला वाटलं, हौसच आहे, दम धरवत नसेल. आळीतल्या वीस-पंचवीस म्हाताऱ्या माणसांना आमंत्रण होतं. कार्यक्रम असा की इमामपूर घाटाच्या माथ्यापर्यंत जायचं, तिथं खायचं आणि परत यायचं. खायला काकडीचे सँडविच हवेत असा मामांचा आग्रह होता. मामींनी हो म्हणून भाकरी, ठेचा आणि उकडलेली अंडी बांधली.

गाडी चालवायला आळीतलेच थोरात होते, लष्करातून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मामा खाकी शर्ट आणि ताकवाल्यांची टोपी घालून दारात उभे. सगळे आत बसले तेव्हा बहुतेकांच्या कपड्यांना मोरपंखी लागला होता. नगर सोडून आम्ही घाटापर्यंत ठीक आलो. घाटात गाडीनं दम टाकला, वाफेचा लोट उठला. आम्हाला खाली उतरवून मामांनी रेडिएटरला पाणी पाजलं. रिकामी गाडी हळूहळू वर चढू लागली आणि आम्ही सगळे तिच्यामागून चालत निघालो, मिरवणुकीसारखे. मामा कडेनं चालत गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून होते. बैलाला धीर द्यावा तसा.

माथ्यावर मी भाकरीच्या पिशव्या उतरवायला लागलो, तर मामी म्हणाल्या, "राहू द्या सर, आपल्याला सोनईला जायचंय."

आणि मग चढणीनंतर दम खात त्यांनी मला सांगितलं. या गाडीवरचे ड्रायव्हर होते दगडूनाना, सोनईचे. मामा आणि नाना एकाच गाडीवर म्हातारे झाले. मागच्या वर्षी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मामा दर महिन्याला एसटीनं सोनईला जायचे, नानांच्या खाटेसमोर खुर्ची टाकून बसायचे, आणि एक शब्दही न बोलता परत यायचे.

मी विचारलं, एवढी मैत्री, मग बोलायचे का नाहीत?

"सवय नाही ना दोघांना," मामी म्हणाल्या. "सगळी उमर एक पुढं स्टेरिंगवर आणि एक मागं दाराशी. बोलणं काय ते पाठीमागून ओरडून. समोरासमोर बसले की दोघं लाजतात. हे घरी यायचे आणि मला म्हणायचे, आज पण काहीच बोललो नाही गं."

आता नानांचा मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. सोनईच्या घराला त्याच आठवड्यात कुलूप लागणार होतं. तारीख का ओढली ते मला तेव्हा कळलं. मी मामांकडे बघितलं. ते गाडीच्या टायरला उगाच लाथा मारून हवा तपासत होते.

सोनईला नानांची गल्ली अरुंद होती. थोरातांनी गाडी तोंडाशीच उभी केली. मामा आत गेले. काय बोलले माहीत नाही, पण थोड्या वेळानं नानांचा मुलगा, थोरात, मी आणि मामा, असे चौघं मिळून नानांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून बाहेर घेऊन आलो. नाना हाडकुळे झाले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. गाडी दिसली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांना ती ओळखता आली की नाही, आम्हाला कळेना. मुलगा म्हणाला, आता त्यांना फारसं समजत नाही, काका. मामांनी न ऐकल्यासारखं केलं. ड्रायव्हरच्या दारातून आम्ही नानांना कसंबसं सीटवर चढवलं, पडू नयेत म्हणून मागून उपरणं बांधलं, उजवा पाय सरळ करून ठेवला, डावा हात स्टेअरिंगवर ठेवला.

मला वाटलं, मामा आता त्यांच्याशेजारी बसतील. मामा खाली उतरले, गाडीला वळसा घालून मागच्या दारानं चढले आणि शेवटच्या सीटवर जाऊन बसले. मधल्या सगळ्या सीटा रिकाम्या. आणि तिथून, वऱ्हाडात ओरडायचे तशा आवाजात, ते बोलू लागले.

आम्ही बाहेर कडुलिंबाच्या सावलीत भाकरी सोडल्या होत्या, पण कुणी खात नव्हतं. मामा सांगत होते, की ते तिकडं जाऊन आले. तिकडच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. रंगाऱ्यांची सांगितली. गाडीत कांदे होते, हे सांगताना ते स्वतःच हसले. नाना समोरच्या काचेतून भिंतीकडं बघत होते. मामांना त्याचं काही वाटत नव्हतं. ड्रायव्हर समोरच बघत असतो.

मग मामांचा आवाज जरा खाली आला, तरी आम्हाला ऐकू येत होता. त्यांनी एक जुनी गोष्ट काढली. नेवाशाहून वऱ्हाड घेऊन परतत असताना रस्त्यात कुणीतरी गाडी थांबवून निरोप दिला होता, की मामींना दिवस भरायच्या आत पोटात दुखायला लागलंय आणि घरी कुणी नाही. वऱ्हाडाला सोनईला उतरायचं होतं. नानांनी कुणाला न विचारता गाडी तशीच पुढं भिंगारला घातली. वऱ्हाडी शिव्या देत होते. मालकांनी नंतर नानांना आठवडाभर कामावर घेतलं नव्हतं. मामी त्या वऱ्हाडाच्या गाडीतूनच दवाखान्यात गेल्या होत्या, नवरीच्या मांडीवर डोकं ठेवून.

माझ्याशेजारी मामी पदराला लागलेला रंग नखानं खरवडत बसल्या होत्या.

"नाना," मामा मागून म्हणाले, "ती पोर म्हंजे आमची रूथ. ती आता दुसऱ्यांची बाळंतपनं करती तिकडं. तुला सांगायचंच ऱ्हायलं हुतं. तू तवा गाडी वळवली, ते बरं केलं."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नानांचा मुलगा नानांना उतरवायला पुढं झाला, तशी मामींनी हातानं त्याला थांबवलं.

नानांचा डावा हात स्टेअरिंगवरून सुटला होता. तो हळूहळू वर चालला होता. काचेच्या वर, मधोमध, आतला आरसा होता. मामांनी तो घासून लावला होता, पण तो थोरातांच्या उंचीला वळवलेला होता. नानांची बोटं तिथं पोहोचली, निसटली, पुन्हा पोहोचली. त्यांनी आरसा जरासा खाली केला, मग डावीकडं, मग पुन्हा जरासा खाली, शेवटच्या सीटवर बसलेले मामा त्यात दिसेपर्यंत.