मालकाच्या गळ्यातला पट्टा

गळ्यात पट्टा बांधून घ्यायला रंगनाथ कानवड्यांच्या गायी तयार झाल्या त्या एकाच अटीवर, की मालकांनीही बांधायचा.

अट वाजवी होती. गाय किती खाते, रवंथ किती करते, किती वेळ बसते, कळपात राहते की बाजूला होते, हे सगळं पट्टा टिपणार आणि गोठ्यातल्या भिंतीवरच्या पडद्यावर दाखवणार. सगळ्यांचं उघडं आणि एकाचंच झाकलेलं, हे हौसाला पटत नव्हतं. हौसा कळपातली थोरली गाय. तिचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. रंगनाथांनी विचार केला आणि पट्टा शेवटच्या भोकात अडकवून गळ्यात घातला. रवंथाच्या बाबतीत त्यांना सूट देण्यात आली.

पट्टे आल्यापासून गोठ्याचा कारभार सुधारला. तांबूचा ताप तिला स्वतःला जाणवण्याआधी पडद्यावर दिसला. कुणाची माजावर येण्याची वेळ हुकेना. रंगनाथ डेअरीवर दूध घालायला गेले की चार लोकांना सांगत, "डोळ्यांवर जाऊ नका, पट्ट्यावर जा. माणसाची नजर चुकते."

मग एके दिवशी धार काढताना हौसा म्हणाली, "मालक, दुपारी जरा बसू. तुमच्याबद्दल बोलायचंय."

दुपारी सगळा कळप लिंबाच्या सावलीला बसला. रंगनाथ कुंपणाला टेकून उभे राहिले.

"हेच ते," हौसा म्हणाली. "सगळे बसले की तुम्ही लांब उभे. खाण्यावर वासना नाही. ताट घेता, दोन घास खाता, उठता. बसता तेही धड नाही, टेकलात की उठलात. घराच्या दारापर्यंत जाता आणि आत न शिरता माघारी येता. पडद्यावर रोज येतंय."

"मग?"

"तुम्ही विणार आहात."

तांबूने तोंडातला घास सांडला. हौसाने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"हौसा, मी बाप्या माणूस आहे," रंगनाथ म्हणाले.

"ते पट्ट्यात येत नाही."

"अगं, कुसुम गेल्यापासून माझं असंच आहे."

"कधीपासून आहे ते आम्ही विचारलंच नाही," हौसा म्हणाली. "लक्षणं ती आहेत, एवढंच सांगतोय."

कुसुम म्हणजे रंगनाथांची बायको. ती गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना रंगनाथांनी डोळ्यांत टिपूस न आणता स्वतः चहा दिला, बसायला सतरंज्या टाकल्या, आणि माणूस खंबीर आहे असं म्हणत लोक घरी गेले. त्यानंतर कुणी काही विचारलं नव्हतं. आता त्यांनी गोठा मोडायचं ठरवलं होतं. शनिवारी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता. गायी गेल्या की रंगनाथ नाशिकला मुलीकडे, अर्चनाकडे, कायमचे जाणार होते.

"शनिवारी मला निघायचंय," ते म्हणाले.

"विणारं जनावर गाडीत घालायचं नाही," हौसा म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

तो त्यांचाच होता. शिवाय साऱ्या गावाला पट्ट्यावर जा म्हणून सांगितल्यावर स्वतःपुरता पट्टा खोटा ठरवणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी गाभण गायींचा कप्पा झाडून घेतला, सोयाबीनचं कोरडं भुसकट जाड पसरलं आणि आत जाऊन बसले.

जनावरांचे डॉक्टर घुले येऊन गेले. त्यांनी आधी पडदा पाहिला, मग रंगनाथांच्या पाठीवरून हात फिरवला.

"पहिलटकर आहे," ते हौसाला म्हणाले. "वेळ लागेल. घाई केली तर अडेल."

"डॉक्टर, तुम्ही तरी..." रंगनाथ म्हणाले.

"रंगनाथराव, मी मशीनच्या विरोधात जात नाही. गुळाचं पाणी घेत जा."

शनिवारी दुपारी टेम्पोच्या आधी अर्चना पोचली. बापाला भुसकटात बसलेला पाहून ती कप्प्याच्या दांडीला धरून उभी राहिली.

"आप्पा, हे काय? बॅग कुठाय तुमची?"

"भरली नाही. मला वेगळं ठेवलंय."

"कोणी?"

रंगनाथांनी गायींकडे बोट केलं. अर्चना सरळ हौसापुढे जाऊन उभी राहिली.

"कळतं मला सगळं. तुम्हाला टेम्पोत चढायचं नाही, म्हणून ही नाटकं चाललीत."

"ताई, टेम्पो आला की आम्ही चढू," हौसा म्हणाली. "एकही मागे राहायची नाही. तुम्ही म्हणाल त्या बाजारात उभ्या राहू. फक्त यांना इतक्यात हलवू नका."

अर्चना पडद्याकडे वळली. कळपाच्या सगळ्या रेघा एकमेकींत मिसळून चालल्या होत्या आणि एकच रेघ बाजूने एकटी गेली होती. गेल्या पावसाळ्यात आई गेल्यापासून तिला रोज फोनवर ऐकू येई, 'मी बरा आहे, तू जेवलीस का?' ती बराच वेळ ती रेघ बघत राहिली.

"मला का नाही सांगितलं?" तिने पडद्याकडेच बघत विचारलं.

रंगनाथांनी दोन्ही हात भुसकटात रोवले होते आणि त्यांचा श्वास जोरात चालला होता.

"कळ लागली," हौसा म्हणाली. "ताई, इकडे या. पाठ करा त्यांच्याकडे."

"पाठ?"

"बघत राहिलं की जनावर आवरून धरतं. तुमच्या आईला ठाऊक होतं. आमच्यापाशी ती अशीच बसायची, पाठ करून, वाती वळत."

गायी एकेक करून वळल्या. अर्चनाही वळली आणि हौसाच्या शेजारी खाली बसली. समोर नुसती लसूणघासाची हिरवी पट्टी होती. मागून आधी काहीच आलं नाही. मग एक आवाज आला. तो आवाज अर्चनाने आपल्या वडिलांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती उठायला गेली, तर हौसाने मान तिच्या मांडीवर ठेवली. मान चांगलीच जड होती. आवाज बराच वेळ येत राहिला. अर्चनाने हौसाच्या मानेत तोंड घातलं.

मग शांत झालं.

"झालं," रंगनाथ म्हणाले. "भूक लागली."

हौसा उठून कप्प्यात गेली आणि भुसकटात जे होतं ते चाटायला लागली. तांबूने डॉक्टरांना बोलवा म्हणून सुचवलं. हौसा म्हणाली, गरज नाही, सगळं नीट आहे, आधी बाजरीच्या घुगऱ्या शिजायला टाका. अर्चना चूल पेटवायला निघाली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. टेम्पो फाट्यावर आला होता आणि व्यापारी रस्ता विचारत होता.

"आज नको," अर्चना म्हणाली. "सध्या नकोच. घरात बाळंतपण आहे."

"अरे वा," व्यापारी म्हणाला. "काय झालं?"

अर्चनाने कप्प्यात वाकून पाहिलं.

"अजून ओलं आहे," ती म्हणाली. "उभं राहायला बघतंय."