सम मजल्यावरचं पायपुसणं

चांगलं गृहीतक कसं मांडावं, हे मी एकोणीस वर्षं मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवते आहे. ते नेमकं हवं, मोजता यायला हवं आणि चूक ठरायची त्याची तयारी हवी. हे माझ्याइतकं कुणाला कळलं असेल, असं मला वाटत नाही. म्हणजे, वाटत नव्हतं.

झालं असं, की एका रविवारी माझ्या लक्षात आलं, शुक्रवार संध्याकाळपासून आपण दोनच शब्द बोललोय. "अर्धाच लिटर." तेही दूधवाल्याशी.

धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "ताई, शेजाऱ्यांशी बोल की."

"मी बोलल्यावर ते बोलतील, याला पुरावा काय?"

"घ्या! आता याचाही प्रयोग कर."

तिनं चेष्टा केली. मी वही काढली.

गृहीतक: जिन्यात भेटणाऱ्या माणसाची रोज विचारपूस केली, तर एकवीस दिवसांत तो आपणहून बोलू लागतो. तुलनेला दुसरा गट हवाच. मी राहते पाचव्या मजल्यावर. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर "कसे आहात?" विचारायचं, दुसऱ्या आणि चौथ्यावर पायऱ्या मोजत खाली मान घालून जायचं.

चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "बाई, सरळ सांगा, काय विकताय?"

सातव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी माझी नाडीच धरली. "रोज आमची तब्येत विचारता, तुम्हाला स्वतःला काय होतंय?"

चौथ्या मजल्यावरच्या जोडप्यानं ठरवलं, की मी त्यांच्या मिक्सरवर रागावलेय. मग ते मुद्दाम पहाटे सहाला चटणी वाटू लागले. पुढे सम आणि विषम मजले एकमेकांशी बोलले. "तुम्हाला विचारते आणि आम्हाला नाही? आम्ही काय घोडं मारलंय?"

बाराव्या दिवशी संध्याकाळी नऊ माणसं माझ्या दारात. माझ्याकडे कप दोन. बाकीच्यांना चहा पेले, वाट्या आणि एका मोजपात्रातून दिला. घर इतकं भरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. खरं सांगते, त्या गडबडीत मला बरं वाटत होतं.

मग मी वही दाखवून सगळं नीट समजावलं. तेच चुकलं.

"म्हणजे आम्ही उंदीर?" वकिलांनी विचारलं.

"नमुना," मी दुरुस्ती केली.

अर्धवट चहा ठेवून सगळे उठले. मागे राहिल्या फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आजी.

"आमचा मजला कशात गं?"

"ज्यांच्याशी बोलायचं नाही, त्यात."

आजींनी मोजपात्रातला चहा संपवला. मग म्हणाल्या, "तरीच. मी रोज सव्वाआठला दारात उभी असायचे. म्हटलं, आज तरी विचारेल."

मी वही चाळली. रोजची एकच नोंद होती: दुसरा मजला, सव्वाआठ, पायपुसणं झटकतात. स्वच्छतेची आवड.

"एकट्या बाईचं पायपुसणं रोज मळतं होय?" आजी म्हणाल्या. "बरं, उद्या विचारशील?"

इथे कुणीही हो म्हटलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "प्रयोगाचे अजून नऊ दिवस बाकी आहेत."

आजींनी रिकामं मोजपात्र माझ्या हातात दिलं आणि जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला त्यांचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशीही. आता मीच रोज माझं पायपुसणं घेऊन तीन मजले उतरते आणि त्यांच्या दारासमोर झटकत उभी राहते. अगदी जोरात.

वहीत नोंद मुळीच करत नाही. आज नववा दिवस आहे, हे आपलं असंच लक्षात आहे.