हिरव्या पट्टीचं मटण

शहराच्या अन्नतपासणी कार्यालयाने सर्व मांसविक्रेत्यांना कळवलं की यापुढे मांसाचा ताजेपणा रंगावरून ठरेल. प्रत्येक पुड्यावर बोटभर पट्टी लावायची. मांस ताजं असेल तोवर पट्टी हिरवी, उतरायला लागलं की पिवळी, सडलं की लाल. पट्ट्या कार्यालयातूनच मिळतील, असंही परिपत्रकात नमूद होतं.

कोपऱ्यावरच्या खाटकाला आनंदच झाला. नाकासमोर चालणारा माणूस. तीस वर्षांत शिळा तुकडा त्याने कुणाच्या गळ्यात मारला नव्हता. त्याने सही करून पट्ट्यांचं भेंडोळं आणलं आणि सगळे पुडे सजवले. पुढे सुट्टीच्या दोन दिवसांत फ्रीझर बंद पडला. दार उघडल्यावर घाण वासाने त्याला गरगरलं, पट्ट्या मात्र हिरव्यागार. एक पुडा घेऊन तो तडक कार्यालयात गेला.

"साहेब, पट्ट्या खराब आहेत."

"कशावरून?" निरीक्षकांनी नाकाला रुमाल लावून विचारलं.

"वास येतोय की."

"वास हा पुरावा होत नाही. पट्टी काय म्हणते?"

"हिरवी आहे."

"मग मांस ताजं आहे. तुम्ही कशाला मध्ये नाक खुपसता?"

तरीही लेखी तक्रार आल्यामुळे पाच जणांची समिती बसली. सगळ्या खिडक्या उघडण्यात आल्या. एक सदस्य दोनदा बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. तपासणीच्या छापील नमुन्यात रंगाचा रकाना होता, वासाचा नव्हता. समितीने एकमताने लिहिलं: मांस ताजे आहे, सदस्यांना झालेली मळमळ वैयक्तिक स्वरूपाची आहे.

खाटीक पुडा कचऱ्यात टाकायला निघाला, तर निरीक्षकांनी अडवलं. "ताजं मांस फेकणं गुन्हा आहे. हा आणि दुकानातले सगळे पुडे विक्रीला दिसले नाहीत, तर परवाना रद्द."

परवाना गेला तर घरात चूल पेटायची नाही. त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मांडा खुशाल," ती म्हणाली. "आणि येईल त्याला खरं सांगा. कुणी हात लावणार नाही."

त्याला हे पटलं. दुसऱ्या दिवशी त्याने सडके पुडे मांडले. शेजारी सकाळी कापलेलं मटण ठेवलं. भेंडोळं संपल्यामुळे त्यावर पट्टी नव्हती.

पहिल्या आल्या त्या जवळच्या शाळेतल्या बाई. "दादा, अर्धा किलो द्या. सासरे आजारातून उठलेत, सूप करायचंय."

"बाई, हे सडलंय. हे दुसरं घ्या, सकाळचं आहे."

बाईंनी वाकून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकल्या. मग पट्टी बघितली.

"याच्यावर पट्टी आहे. त्याच्यावर कुठे आहे?"

"पण तुम्हाला वास आला ना?"

"आला हो. पण मी काय त्यातली तज्ज्ञ आहे का? हिरवं द्या. घरात आजारी माणूस आहे, उगाच धोका नको."

त्याने नाही म्हणून बघितलं. बाईंनी तक्रार करायला फोन काढला. शेवटी त्याने मान खाली घालून पुडा दिला, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. दुपारपर्यंत सडके पुडे संपले. ताजं मटण तसंच पडून राहिलं.

संध्याकाळी बाईंच्या सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. ते कळताच खाटीक धावत गेला. डॉक्टरांनी पट्टीचा रंग विचारला आणि कारणांच्या यादीतून मटण खोडून टाकलं. मग नव्या नियमाप्रमाणे रुग्णाच्या मनगटालाही एक पट्टी लावली. ती हिरवी राहिली. म्हाताऱ्याला घरी न्यायला सांगितलं.

"पोटात फार दुखतंय गं," म्हातारा कण्हत म्हणाला.

सुनेने त्याचं मनगट उजेडात धरून नीट बघितलं. "नाही हो मामंजी. तुम्ही ठणठणीत आहात."

खाटीक तिथेच भिंतीला टेकून रडला.

तुम्हाला आता या सुनेचा राग आला असेल, आणि तो बरोबरच आहे. फक्त एवढं सांगा: आज सकाळी घरच्यांनी "झोप लागली का?" असं विचारलं, तेव्हा मनगटावरच्या घड्याळातला झोपेचा आकडा बघून मग उत्तर देणारं कोण होतं?