दोन इंच कमी

सकाळी नऊला क्लाइडने कुंपणाला टेप लावला आणि त्याचा चेहरा पडला. पाच फूट दहा इंच. नियम सहा फुटांचा, आणि दहा वाजता सरकारी तपासनीस येणार होती.

"वर्षापूर्वी मोजलं तेव्हा चांगलं सहा फूट होतं!" तो ओरडला. "लोखंड आटतं का गं?"

"लोखंड नाही आटत, लीद साठते," त्याची बायको ऑर्लीन दारातून म्हणाली. "महिनाभर सांगतेय, फावडं घे म्हणून. जमीन वर आली, कुंपण तिथंच राहिलं."

अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या डोंगरांतून पकडून आणलेली मोकाट घोडी सरकार दत्तक देतं खरं, पण वर्षभर ती सरकारचीच असते. वर्ष संपलं की तपासणी. ती पार पडली तर मालकीचा कागद, नाहीतर ट्रक येतो आणि घोडी परत घेऊन जातो. मेबलचं वर्ष आज संपत होतं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ऑर्लीन पहिले चार महिने कुंपणाबाहेर बादली पालथी घालून बसायची आणि मेबलला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पाचव्या महिन्यात घोडीने तिच्या हातून ओट खाल्ले. त्या दिवसापासून ऑर्लीनचा जीव तिच्यात अडकला होता.

"सगळी लीद काढायला दोन दिवस लागतील," क्लाइड म्हणाला. "त्यापेक्षा कुंपणाचा एकेक लोखंडी पल्ला सोडवतो आणि खाली विटा घालतो."

"आधी मेबलला बांध."

"अगं, दोन मिनिटांचं काम!"

पहिला पल्ला सुटून आडवा पडला, आणि दोन मिनिटं व्हायच्या आत मेबल त्यावरून सावकाश पाय टाकत बाहेर पडली. समोरच्या टेकडीखाली तीन जंगली घोडे चरत होते. मेबलने शेपूट उचलली आणि तिकडे धूम ठोकली.

"मी गाडी काढतो!"

"गाडी बघितली तर ती पलीकडच्या युटा राज्यापर्यंत थांबायची नाही! तू काही करू नकोस. आजचं तुझं काम झालंय."

ऑर्लीन ओटांचा डबा घेऊन टेकडीपर्यंत चालत गेली. ती डबा खुळखुळवत राहिली. शेवटी मेबल वळली आणि तिच्यामागून घराकडे निघाली. मेबलच्या मागून त्या तिघांतला एक काळा घोडा आला, आणि दोघंही आवारात शिरले.

"पल्ला लाव!" ऑर्लीन ओरडली.

"याच्या मानेवर सरकारी खूण नाही! जंगली जनावर डांबणं गुन्हा आहे. तुरुंगात जाऊ आपण!"

"तुरुंगात कुंपणं तुला मोजावी लागणार नाहीत. लाव म्हणते ना!"

त्याने पल्ला विटांवर चढवला. बाकीचं कुंपण दोन इंच कमीच होतं, पण आता त्याची कोणाला पडली होती? रस्त्यावर जीपची धूळ दिसू लागली होती.

तपासनीस मिस पर्डी खाली उतरल्या. त्यांनी आधी कागद बघितला आणि मग आवार.

"कागदावर एकच घोडी आहे."

"एकच आहे की," क्लाइड म्हणाला. "दुसरा घोडा आहे."

मिस पर्डी हसल्या नाहीत. ऑर्लीनला राहवलं नाही. तिने टेपपासून टेकडीपर्यंत सगळं सांगून टाकलं. "पल्ला मीच लावायला सांगितला, बाई. काय शिक्षा करायची ती मला करा, पण हिला नेऊ नका."

मिस पर्डींनी पेनाला टोपण लावलं. "पल्ला उघडा. काळा आपणहून गेला, तर तो आला होता हे मी विसरेन. पण घोडी त्याच्यामागे गेली, तर मला 'पळाली' असं लिहावं लागेल."

"तिला दोरी लावू का?" क्लाइडने विचारलं.

"आत कोण जाणार? काळ्याचे मागचे पाय बघा."

क्लाइडने पल्ला उघडला. मेबलने मान वर केली, वारा हुंगला आणि ती बाहेर आली. एक पाऊल, दुसरं, दहावं. पुढे सगळा डोंगर मोकळा होता. ऑर्लीनने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मानेवर ऊन श्वास लागला. मेबल तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. गळ्यात दोरी नाही, पुढ्यात डबा नाही. ऑर्लीन सगळ्यांसमोर हमसून हमसून रडली.

काळा घोडा मात्र आतच होता. मेबलच्या गवतात त्याने मानेपर्यंत तोंड खुपसलं होतं. क्लाइडने टोपी हलवली, शिट्ट्या मारल्या, हातापाया पडून झालं. घोड्याने फक्त एक कान हलवला.

मिस पर्डींनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. "जी उघड्यावरूनही पळत नाही, तिला कुंपण दोन इंच कमी चालेल. घोडी तुमची झाली, ऑर्लीन."

"आणि हा?" क्लाइडने विचारलं.

"जंगली आहे, म्हणजे तो सरकारी. त्याला हात लावायचा नाही, हाकलायचंही नाही."

"मग हा जाणार कधी?"

मिस पर्डी जीपमध्ये बसल्या. "अठरा वर्षं सरकारी नोकरीत आहे मी, क्लाइड. बसल्या जागी खायला मिळतंय तोवर आमच्यातला कोणी उठून गेलेला मी पाहिला नाही."